फुनाफुती: वाढणारे बेट, बुडणारे गाव

फेब्रुवारी 2018 मध्ये ऑकलंड विद्यापीठातले पॉल केंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला आणि तुवालूच्या पंतप्रधानांना तो चांगलाच झोंबला. तुवालू म्हणजे पॅसिफिक महासागरात, फिजीच्या उत्तरेला, नऊ ठिकाणी विखुरलेला देश. सगळी मिळून जमीन 26 चौरस किलोमीटर. समुद्र चढला की सगळ्यांत आधी बुडणारा देश म्हणून त्याचे नाव बातम्यांत येते. केंच यांच्या चमूने या देशाची सगळी 101 बेटे हवाई छायाचित्रांवरून आणि उपग्रहचित्रांवरून मोजली. 1971 ते 2014 या काळात तिथला समुद्र वर्षाला सुमारे 3.9 मिलिमीटरने, म्हणजे जागतिक सरासरीच्या दुप्पट वेगाने चढत होता. तरीही देशाची जमीन 73.5 हेक्टरने, म्हणजे 2.9 टक्क्यांनी वाढलेली निघाली. दर चार बेटांमागे साधारण तीन मोठी झाली होती आणि एक लहान.

पंतप्रधान एनेले सोपोआगा यांनी जाहीर हरकत घेतली. जमिनीचे क्षेत्रफळ मोजलेत, पण तिच्यावर माणूस राहू शकतो का, हे कुठे पाहिलेत, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. दुसरीकडे, हवामानबदल हे थोतांड आहे असे मानणाऱ्यांनी तोच निबंध डोक्यावर घेतला. त्यांनी तो वाचला असेल असे वाटत नाही, कारण समुद्र चढतो आहे ही गोष्ट त्यात पहिल्या परिच्छेदापासून गृहीत धरलेली आहे.

माझ्या मते केंच यांचे आकडे बरोबर आहेत आणि सोपोआगांचा प्रश्नही रास्त आहे. भांडण होते ते बेट आणि गाव या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे. त्या वेगळ्या कशा झाल्या हे पाहायचे तर राजधानी असलेल्या फुनाफुतीची सव्वाशे वर्षे तपासावी लागतात. प्रवाळबेटांच्या इतक्या जुन्या आणि इतक्या नेटक्या नोंदी जगात फार थोड्या ठिकाणी आहेत.

बेट कशाचे असते

आपल्याकडे बेट म्हटले की सिंधुदुर्गाचे कुरटे बेट आठवते, नाही तर खांदेरी, जंजिरा. काळा कातळ. त्यावर तट बांधला की शतके गेली तरी पायथा जागचा हलत नाही. ही कल्पना घेऊन फुनाफुतीकडे पाहिले की सगळेच चुकते.

फुनाफुती हे कंकणाकृती प्रवाळद्वीप आहे. समुद्राच्या तळापासून वर आलेले प्रवाळांचे एक वेडेवाकडे कंकण, आत सुमारे 275 चौरस किलोमीटरचे लगून, म्हणजे कंकणाने वेढलेले समुद्राचे पाणी, आणि कंकणाच्या काठावर ठिकठिकाणी बसलेली तीसेक बेटे. या सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तरी जेमतेम अडीच चौरस किलोमीटर भरते, आणि उंची कुठेही पाच मीटरच्या पुढे नाही. कंकण पक्के आहे, त्यावरची बेटे मात्र सुटी आहेत. मोडक्या प्रवाळांचे तुकडे, शिंपल्यांचा चुरा, चुनखडी साठवणाऱ्या शेवाळाच्या चकत्या आणि फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची कवचे यांचा तो ढीग आहे, लाटांनी रचलेला.

या फोरॅमिनिफेरांकडे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. फोंगाफाले या मुख्य बेटाच्या समुद्राकडच्या बाजूला ओहोटीला प्रवाळाचा सपाट कातळ उघडा पडतो. त्यावर शेवाळाचा आखूड, खरखरीत थर असतो आणि त्या थरात हे जीव चिकटून राहतात. मूठभर वाळू तळहातावर पसरली तर त्यांची कवचे नुसत्या डोळ्यांनी ओळखू येतात. टाचणीच्या डोक्याएवढे पिवळसर दाणे, काहींना काटे फुटलेले, त्यामुळे चांदणीसारखे दिसणारे. जीव मेला की कवच सुटते आणि लाटा ते किनाऱ्यावर आणतात, बेटांमधल्या फटींतून लगूनच्या बाजूलाही नेतात. फुनाफुतीच्या वाळूचा मोठा हिस्सा असा तयार होतो. या वाळूला नदी नाही, डोंगर नाही. जे काही येते ते त्या जिवंत कातळावरून.

त्यामुळे किनारा हलणे हा अशा बेटाचा रोजचाच व्यवहार. कोकणात पावसाळ्यात पुळण खरवडून जाते आणि दिवाळीनंतर हळूहळू परत भरते, तेच इथे वाऱ्यांच्या दिशेप्रमाणे होते. मात्र इथे वाळू बेटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकते. वर्षे जमा झाली की बेटच सरकलेले दिसते. समुद्राकडची कड झिजते, लगूनकडची भरते, टोके लांबतात, दोन बेटे जोडली जातात. एका बाजूचा फोटो काढला तर बेट बुडते आहे असे छापता येते, दुसऱ्या बाजूचा काढला तर वाढते आहे असे.

1897 चा नकाशा

फुनाफुतीची जुनी नोंद आहे ती चार्ल्स डार्विनच्या एका तर्कामुळे. ज्वालामुखी बेट हळूहळू खचते, त्याच्याभोवतीचे प्रवाळ त्याच वेगाने वर वाढत राहतात आणि शेवटी फक्त कंकण उरते, असे त्याने 1842 मध्ये मांडले होते. ते खरे असेल तर प्रवाळाखाली खूप खोलवर ज्वालामुखी खडक लागायला हवा. लंडनच्या रॉयल सोसायटीने हे पडताळण्यासाठी फुनाफुती निवडले. 1896 मध्ये विल्यम सोलास यांचा पहिला प्रयत्न फसला. 1897 मध्ये सिडनीचे एजवर्थ डेव्हिड आले आणि 1898 मध्ये छिद्र 1,114 फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे 340 मीटर खाली गेले. तरीही सगळे प्रवाळच. तळाचा खडक लागला नाही. डार्विन बरोबर होता हे पुढे 1952 मध्ये मार्शल बेटांतल्या एनेवेटाकवर सिद्ध झाले. तिथे हजार मीटरच्याही खाली बेसॉल्ट हा ज्वालामुखी खडक लागला.

छिद्राचे काम अर्धवट राहिले, पण डेव्हिड यांच्या चमूने तिथे असताना बेटांचे बारकाईने नकाशे केले. कुठे वाळू, कुठे खडी, कुठे दलदल, कुठे झाडे, सगळे त्यात आहे. केंच यांनी 2015 मध्ये हेच नकाशे आजच्या उपग्रहचित्रांवर ठेवले. 29 बेटे, 1897 ते 2013. यांतल्या शेवटच्या साठेक वर्षांत इथला समुद्र सुमारे 30 सेंटिमीटरने चढला होता. एकही बेट नाहीसे झालेले नव्हते, बहुतेक मोठी झाली होती आणि एकूण जमीन 7.3 टक्क्यांनी वाढली होती.

सगळ्यांचे नशीब सारखे नव्हते. पश्चिमेच्या कडेवरच्या तेपुका साविलिविली या छोट्या बेटाला 1997 च्या चक्रीवादळांनी असे झोडपले की माड आणि वाळू दोन्ही गेली आणि मागे उघडी खडी उरली. लहान, वाळूचे, एकटे बेट असले की असे होते. आपल्या लक्षद्वीपमध्ये बंगाराम प्रवाळद्वीपावरच्या पराली-1 या निर्मनुष्य बेटाची गत याहून वाईट झाली. 1968 मध्ये त्याचे क्षेत्रफळ 0.032 चौरस किलोमीटर होते, म्हणजे आठेक एकर. 2017 मध्ये ते पूर्ण गेले असल्याचे कालिकत विद्यापीठातल्या संशोधनातून पुढे आले. केंच यांचे सरासरी आकडे परालीला लावता येत नाहीत, आणि पराली दाखवून फुनाफुतीही बुडाले असे म्हणता येत नाही. प्रत्येक कंकणाचा वाळूचा हिशेब वेगळा.

एका रात्रीत 19 किलोमीटर

मग ही जादा जमीन आली कुठून? उत्तराचा एक मोठा तुकडा ऑक्टोबर 1972 मध्ये सापडतो. बेबे चक्रीवादळ फुनाफुतीवर आदळले, माणसे मेली आणि गावातली बहुतेक घरे पडली. सकाळी लोकांनी पाहिले तर पूर्वेच्या समुद्राकडे, जिथे काल सपाट कातळ होता, तिथे प्रवाळाच्या तुकड्यांचा एक लांबच लांब बांध उभा होता. लांबी सुमारे 19 किलोमीटर, रुंदी सरासरी 35 मीटरच्या आसपास, उंची काही ठिकाणी चार मीटर. अंदाजे 14 लाख घनमीटर खडी. कंकणाच्या बाहेरच्या उतारावरचे प्रवाळ वादळाने मोडून एका रात्रीत वर फेकले होते.

खरी गंमत पुढे आहे. नेहमीच्या लाटांनी पुढची काही वर्षे हा बांध थोडा थोडा आत ढकलला. काही ठिकाणी तो मूळ बेटाला जाऊन चिकटला, काही ठिकाणी खडी झिजून तिची वाळू झाली आणि तीही किनाऱ्याला मिळाली. ज्या वादळाने गाव उद्ध्वस्त केले त्यानेच बेटाला पुढच्या कित्येक दशकांची शिदोरी दिली. समुद्राची चढ आणि वादळाचा मारा या दोन गोष्टींत बेटाच्या दृष्टीने केवढा फरक आहे हे इथे कळते. फुनाफुतीच्या वाऱ्याकडच्या, पूर्वेच्या बेटांची उंची मुळात अशा वादळांनीच रचलेली आहे.

याला प्रयोगाचाही आधार मिळाला. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठात गेर्ड मासेलिंक, केंच आणि एडी बीथम यांनी फुनाफुतीच्याच फातातो या निर्मनुष्य बेटाचा छोटा नमुना लाटांच्या टाकीत केला आणि पाण्याची पातळी टप्प्याटप्प्याने वाढवली. 2020 मध्ये निष्कर्ष आले. लाटा बेटाच्या माथ्यावरून पलीकडे जाऊ लागल्या की जाताना वाळू आणि खडी माथ्यावर टाकतात, माथा वर चढतो आणि बेट लगूनच्या दिशेने मागे सरकते. म्हणजे पाणी वरून जाणे हीच बेटाची वाढण्याची रीत. अट एवढीच की माल मिळत राहिला पाहिजे आणि वाटेत काही उभे नको.

फातातोवर वाटेत कुणी नाही. फोंगाफालेवर सहा हजारांहून अधिक माणसे राहतात.

दलदलीवरचे गाव

फोंगाफाले पूर्वेच्या कडेवर, सुमारे 12 किलोमीटर लांब, बहुतेक ठिकाणी इतके अरुंद की रस्त्यावर उभे राहून दोन्ही बाजूंचे पाणी दिसते. मध्ये कोपरासारखा बाक आहे, तिथे ते सर्वांत रुंद, सुमारे 400 मीटर. जुने गाव तिथे लगूनच्या बाजूच्या उंचवट्यावर होते. समुद्राकडे खडीचा दुसरा उंचवटा होता आणि दोहोंच्या मध्ये सखल भाग, दलदल, तिवरे आणि पुलाकाचे खड्डे. पुलाका हा आपल्या अळूचा मोठा भाऊ, पानापेक्षा कंदासाठी लावलेला. प्रवाळबेटावर पावसाचे गोडे पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. तिथपर्यंत खणून हे पीक घ्यायचे, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची शेती.

1942 च्या ऑक्टोबरात अमेरिकी सैन्य उतरले. जपान्यांविरुद्ध बॉम्बफेकी विमाने उडवायला धावपट्टी हवी होती आणि ती बसण्याजोगी रुंद जागा एकच होती. माड तोडले, दलदल आणि पुलाकाचे खड्डे भरले. भरावासाठी खडी बेटाच्याच इतर भागांतून उपसली, त्यामुळे मोठमोठे खड्डे तयार झाले. युद्ध संपले, सैन्य गेले आणि खड्डे राहिले. त्यांत पाणी भरे, पुढे कचराही. 1978 मध्ये तुवालू स्वतंत्र झाले, फुनाफुती राजधानी झाली आणि बाकीच्या बेटांवरून लोक नोकरीसाठी, दवाखान्यासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी इथे आले. तुवालूत जमीन कुटुंबांची, सामाईक. दुसऱ्या बेटावरून आलेल्याची इथे स्वतःची जमीन नसते. मग पुष्कळांनी खड्ड्यांच्या कडेला, कुठे तर खड्ड्यांवरच खांब रोवून घरे बांधली. हे खड्डे शेवटी 2015 मध्ये न्यूझीलंडच्या पैशातून, लगूनमधली वाळू उपसून बुजवले गेले.

जपानी भूगोलतज्ज्ञ हिरोया यामानो यांच्या चमूने 2007 मध्ये रॉयल सोसायटीच्या काळातले नकाशे आणि आजच्या पूररेषा एकमेकांवर ठेवल्या. जानेवारी ते मार्च या काळातल्या मोठ्या उधाणाला फोंगाफालेवर जिथे पाणी साचते, तो भाग बहुतांश जुन्या दलदलीचाच होता. फेब्रुवारी 2006 अखेरच्या उधाणाचे फोटो जगभर गेले, त्यांतले पाणीही मोठ्या प्रमाणात याच सखलात होते.

आणि ते पाणी येते कसे, हे पाहिल्याशिवाय या गावाची अडचण कळत नाही. आपण लाट तट ओलांडून आली असे समजतो. फोंगाफालेच्या मध्यभागी पाणी खालून येते. जमीन सच्छिद्र आहे, भरती चढली की भूजलही चढते. धावपट्टीच्या बाजूच्या गवतात आधी बुडबुडे दिसतात, मग छोटे झरे, मग पाऊण-एक तासात घोटाभर तळे. किनाऱ्यावर कितीही उंच भिंत बांधली तरी याला अडवता येत नाही. ओहोटीला ते पाणी मुरते, पण मीठ मागे राहते. पुलाकाची मुळे कुजतात. विहिरी कधीच्या मचूळ झाल्या आहेत. लोक छपरावरचे पावसाचे पाणी टाक्यांत साठवून पितात आणि 2011 सारखा दुष्काळ पडला की आणीबाणी जाहीर करून बाहेरून खारे पाणी गोडे करणारी यंत्रे आणावी लागतात.

दलदल खचलेली नाही, ती पूर्वीपासूनच तिथे होती. पण समुद्र 30 सेंटिमीटरने चढल्यावर तिच्यात पाणी जास्त वेळा आणि जास्त उंच येते. युद्धातला भराव, राजधानीची गर्दी आणि वाढता समुद्र यांपैकी एकालाच धरून बसले की उरलेली दोन कारणे नजरेआड होतात. प्रचाराला एकच कारण सोयीचे असते. 2021 मध्ये तुवालूचे मंत्री सायमन कोफे हवामान परिषदेसाठी सूट घालून गुडघाभर पाण्यात उभे राहून बोलले, ते चित्र त्या दृष्टीने अचूक होते. कुठे काय बांधायचे हे ठरवताना मात्र तिन्ही कारणे लागतात.

वाळूच्या कारखान्याचेही नुकसान गाव करते. सेप्टिक टाक्यांतले सांडपाणी सच्छिद्र जमिनीतून लगूनमध्ये उतरते हे जपानी संशोधकांनी मोजून दाखवले आहे. घाण पाण्यात फोरॅमिनिफेरा कमी होतात. किनारा झिजला की लोक दगड, काँक्रीट, जुने ड्रम जे मिळेल त्याचा धूपप्रतिबंधक बंधारा करतात, आणि बंधाऱ्याच्या टोकाशी शेजाऱ्याचा किनारा अधिक झिजतो. हे कोकणातल्या किनाऱ्यावरच्या कुणालाही समजावून सांगावे लागत नाही.

भराव आणि सोडत

सरकारने शेवटी फोंगाफालेवर उलट दिशेचा मार्ग धरला. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने लगूनच्या बाजूला वाळू उपसून, कडेला वाळूने भरलेल्या मोठ्या पिशव्या लावून, सुमारे 780 मीटर लांब आणि 100 मीटर रुंद अशी उंच जमीन केली. 2023 अखेर ती पुरी झाली. 2022 च्या हवामान परिषदेत याहून कितीतरी मोठा, 3.6 चौरस किलोमीटरचा आराखडा जगापुढे ठेवला गेला.

हा निर्णय मला पटतो, पण तो कशासाठी पटतो हे स्पष्ट असावे. फोंगाफालेच्या मध्यभागात नैसर्गिक बेट आता उरलेले नाही. तिथे लाटांना माथ्यावरून जाऊ द्यायचे म्हणजे घरांवरून, रुग्णालयावरून, धावपट्टीवरून जाऊ द्यायचे. जे बेट हलू शकत नाही त्याला बाहेरून उंची द्यावीच लागते, आणि ती पुन्हा पुन्हा, कायम द्यावी लागते. चूक होईल ती हाच उपाय उरलेल्या तीस बेटांवर नेला तर. फातातो, फुनाफाला, पश्चिमेची छोटी बेटे ही अजून स्वतःचे स्वतः सांभाळत आहेत. तिथे बंधारे घातले, वाळू उपसली, समुद्राकडचा कातळ खराब केला तर 7.3 टक्क्यांची ती वाढ थांबेल. प्रवाळ मरत गेले तर बंधारे न घालताही थांबेल, कारण पाणी तापून प्रवाळ पांढरे पडले की पुढच्या बेबेला फेकायला नवा माल कुठून मिळणार? केंच यांच्या आकड्यांतली सर्वांत मोठी कच्ची बाजू ही आहे. ते मागच्या शतकाचे माप आहे आणि मागच्या शतकात बाहेरचा उतार जिवंत होता. मार्शल बेटांतल्या एका प्रवाळद्वीपावर काम करून कर्ट स्टोर्लाझी यांच्या चमूने 2018 मध्येच म्हटले होते की बहुतेक प्रवाळद्वीपे या शतकाच्या मध्यापर्यंत राहण्याजोगी उरणार नाहीत, कारण लाटांचे पाणी दरवर्षी आत येऊन गोडे पाणी संपवेल. जमीन असेल, पण पिण्याचे पाणी नसेल. सोपोआगांचा आक्षेप हाच होता.

केंच यांच्या निबंधाचा शेवटचा भाग कमी वाचला गेला. बेटे एकसारखी बदलत नाहीत, तेव्हा लोकवस्ती मोठ्या आणि स्थिर बेटांकडे वळवण्याचा विचार करा, असे त्यात सुचवले आहे. कागदावर हे सोपे आहे. वैतुपू हे देशातले सर्वांत मोठे बेट, फोंगाफालेच्या कितीतरी पट, आणि मोतुफोउआ ही जुनी माध्यमिक शाळा तिथेच आहे. पण जमीन सामाईक कुटुंबांची आहे, आणि नानुमेआसारख्या दुसऱ्या बेटावरच्या माणसाला वैतुपूवर हक्क नाही. बंदर, विमानतळ, मुख्य रुग्णालय, सरकारी नोकऱ्या सगळे फुनाफुतीवर. जे लोक याच गोष्टींसाठी आपली बेटे सोडून आले, ते या गोष्टी तिकडे गेल्याशिवाय परत जाणार नाहीत. म्हणजे आधी वैतुपूला पूर्ण रुग्णालय आणि भरवशाची बोट, मग वस्ती, आणि त्याआधी जमिनीचा करार, जो बेटांवरच्या वडीलधाऱ्यांच्या सभांनीच करायचा आहे.

तोवर लोकांनी आपापला मार्ग शोधला आहे. ऑस्ट्रेलियाशी नोव्हेंबर 2023 मध्ये झालेल्या करारानुसार दरवर्षी 280 तुवालूवासीयांना तिथे कायमचे राहता येते. निवड सोडतीने होते. 2025 च्या पहिल्याच सोडतीसाठी देशातल्या निम्म्याहून अधिक लोकांची नावे नोंदली गेली.